बिल्ला नंबर सत्तावीस

सोमवार, ३ फेब्रुवारी

अठरा जुलै, गुरुवार, संध्याकाळचे सव्वापाच. त्या मिनिटाला माझं सगळं फिरलं. बसथांब्यावर उंटाने (खालच्या आळीतला पोरगा, आम्ही त्याला उंट म्हणतो) सुऱ्याने दादाचा उजवा हात मनगटापासून तळव्यापर्यंत उभा फाडला. दादाचा हात गेला, माझं कॉलेज गेलं, आईचं हसणं गेलं. हात तसा आहे अजून, मनगटाला लटकतोय. चमचा धरता येत नाही, कानस कुठली धरणार!

म्हणून दुकान मी चालवतो. दुसऱ्या वर्षाला होतो, ते सोडून लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या करून देतो. दादा शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने घासायला शिकतोय. दहा किल्ल्या बिघडवतो तेव्हा एक कुलपात फिरते. चिडत नाही. त्याच्या वाटचंही मीच चिडतो.

पोलिसांना तो म्हणाला, "तोंड दिसलं नाही." जुलैत, सव्वापाचला, भर उजेडात! अख्ख्या थांब्याने बघितलं, पण ज्याचा हात गेला तोच म्हणतो दिसलं नाही, तर बाकीच्यांना काय पडलीय. उंट मोकळा फिरतोय.

आज वही काढली कारण एक वस्तू सापडली आणि सांगावं असं कोणी नाही. चष्म्याला सांगितलं असतं — हॉस्टेलवरचा माझा खोलीसोबती — पण त्याच्याशी बोलणं बंद आहे. असो.

कोऱ्या किल्ल्या टांगायची आमची फळी आहे, तिच्या शेवटच्या खिळ्यावर, सगळ्यांच्या मागे, पितळी बिल्ला. २७. आकडे दादानेच ठोकलेले. त्याच्या साताच्या ठशाचं टोक उडालंय, म्हणून दादाचा सात नेहमी लंगडतो. असे चाळीस बिल्ले चर्चने आमच्याकडून करून घेतले होते, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

त्याचं असं झालं. अडीच वर्षांपूर्वी वरच्या आळीतला (म्हणजे आमचा) एक पोरगा आणि खालच्या आळीतला एक, एका महिन्यात गेले. भांडण कशाचं ते आता कोणालाच सांगता येत नाही. दोघांनाही चर्चच्या पाळकांनीच माती दिली. दुसऱ्या वेळी कबरीपाशीच म्हणाले, "तिसऱ्या पोराच्या खड्ड्याशी मी उभा राहणार नाही. मंडळीने काय ते ठरवावं." मंडळीने, म्हणजे चर्चला येणाऱ्या सगळ्यांनी, ठरवलं — कपाट! लोखंडी. ज्याच्याकडे सुरा, चाकू, साखळी असेल त्याने ती फडक्यात बांधून आणून द्यायची आणि बिल्ला घ्यायचा. नाव विचारणार नाहीत, गाठोडं उघडणार नाहीत. परत पाहिजे? बिल्ला दाखवा, परत मिळेल! फक्त आधी बाकावर एक तास बसायचं. मंडळीतलं कोणीतरी शेजारी बसतं. तास झाल्यावरही पाहिजे असेल तर घेऊन जा बाबा, देव तुझं भलं करो.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या — तासभर बसवून!

पण सत्तावीस दादाच्या खिळ्यावर कसा? म्हणजे दादाकडे हत्यार होतं. दादाकडे! जो कोळी दिसला तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो!


मंगळवार, ४ फेब्रुवारी

गेलो. बिल्ला टेबलावर आपटला.

टेबलामागे घड्याळकाका. टपालात होते, आता चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली देतात आणि कपाट सांभाळतात. त्यांच्या वहीत नावं नाहीत, नुसते आकडे. बोट फिरवत फिरवत — "सत्तावीस... सत्तावीस... हं. अठरा जुलै. पावणेपाच."

पावणेपाच! आणि सव्वापाचला हात फाडला!

आता सगळं जुळलं. आदल्या दिवशी थांब्यावर मीच उंटाच्या थोबाडीत दिली होती. "काय उंटा, पाणी पिऊन आलास का आठवड्याचं?" म्हणालो, सगळे हसले, त्याने कॉलर धरली, मी दिली ठेवून. वर म्हणालो, "उद्या पाचला इथेच ये, बाकीची देतो." आणि गुरुवारी दादाने मला खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली आणि निघून गेला. सहापर्यंत मी दारावर लाथा मारत होतो. तो माझ्या जागी लढायला निघाला होता! हत्यार घेऊन! आणि वाटेत या लोकांनी गोड बोलून ते त्याच्याकडून काढून घेतलं. अर्ध्या तासाने माझा भाऊ रिकाम्या हाताने उंटासमोर उभा. मेंढरू! बरोबरच आहे. पाळक म्हणवतात ना, मेंढरं लागतातच.

"द्या माझी वस्तू."

"देतो की. तास बस."

"काका, तुम्हाला माहितीय मी कोणाचा—"

"मी नाव विचारलं का तुला? बस म्हटलं."

बाकावर आधीच एक मुलगी होती, मंगळवारी तिची पाळी म्हणे. मांडीवर फाटक्या गीतपुस्तकांचा ढीग, शेजारी खळीची वाटी, कापडी पट्ट्या. बाकावर माणूस असेपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं हाही यांचा नियम, रस्त्यावरच्यांना दिसलं पाहिजे म्हणे. वारा नुसता कानात शिरत होता. ती एक शब्द बोलली नाही. शेजारी बसणाऱ्याने काही विचारायचं नाही. आणि बाकावरचं बोलणं बाकावरच ठेवायचं.

अर्ध्या तासाने म्हणाली, "ही पट्टी जरा ओढून धरता?"

धरली.

तिची मान उंच आहे, सरळ. पुस्तकावर वाकली की मागे एक लहानसं हाड वर येतं. उरलेला अर्धा तास मी त्या हाडाकडे बघत होतो. हे लिहायचं नव्हतं.

सहाचे टोले पडले. काका कपाटाची किल्ली घेऊन उठले. "पाहिजे?"

आणि मी — गाढव! — म्हणालो, "पुढच्या मंगळवारी."


बुधवार, ५ फेब्रुवारी

त्या कपाटाचं कुलूप दादानेच बसवलंय. त्याची दुसरी किल्ली आमच्याच फळीवर आहे. बिल्ला नको, बाक नको, दोन मिनिटांचं काम! पण मग मंगळवारी कशाच्या निमित्ताने जाऊ?


मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौदा पुस्तकं झाली. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आहे ती, म्हणून बोटं अशी चालतात. एवढंच सांगितलं. नाव नाही सांगितलं, मीही विचारलं नाही. नियम!

एका पुस्तकाची पानं मी उलटी चिकटवली. तिने उघडून बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, आता ही दहा गाणी म्हणायची तर मंडळीला डोक्यावर उभं राहावं लागेल."

अरे म्हणाली. मागच्या मंगळवारी 'धरता' होतं, आज 'अरे'.

काकांनी विचारलं, पाहिजे? म्हटलं, आज नको. काका टोले मोजतात तसं तोंड करून माझ्याकडे बघत राहिले.

दुकानात आलो तर दादा फळीसमोर उभा. शेवटचा खिळा रिकामा आहे ते त्याने बघितलं. मी बघितलं की त्याने बघितलं. तो स्टुलावर जाऊन बसला आणि डाव्या हाताने कानस उचलली. काही तरी बोल ना! शिव्या तरी दे!


रविवार, १६ फेब्रुवारी

आईने ओढत चर्चला नेलं. उपासनेनंतर मंडळीची सभा, कपाटावरून जुंपली. एक पंच उठून म्हणाले, "हे देवाचं घर आहे की शस्त्रागार? एकतीस गाठोडी झालीत! वेदीपासून वीस पावलांवर!" दुसरे म्हणाले, "घेता ते घ्या, पण परत कशाला देता? वितळवून टाका."

पाळक म्हणाले, "परत मिळणार नाही म्हटलं तर आणून कोण देईल?"

"आणि परत नेलेल्याने कोणाला भोसकलं तर?"

पाळक उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आजवर नऊ जणांनी परत नेलं. नवांच्या घरी मी आठवड्यातून दोनदा जातो. चहा पिऊन पिऊन पित्त झालंय मला."

सगळे हसले. मला नाही हसू आलं. आमच्या घरीही येतो हा माणूस, दर शुक्रवारी. दादाशी क्रिकेटवर बोलतो. हाताबद्दल एक अक्षर नाही!

ती मागच्या रांगेत होती. सभा संपायच्या आधीच गेली.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज मीच बोललो, तासभर. कॉलेजचं, हॉस्टेलचं. फुशारकीच जास्त. हॉस्टेलवर माझ्याकडे चाकू असायचा तेही सांगितलं — हाडाची मूठ, चिरली होती म्हणून वर लाल टेप गुंडाळलेली. कधी वापरला नाही, पण उशाखाली असला की झोप यायची. जुलैत सुट्टीला घरी आलो आणि ऐन वेळी बॅगेत नाही! चष्म्याने ढापला, दुसरं कोण. खोलीत आम्ही दोघंच. फोनवर त्याची आई-बहीण काढली मी. तो एवढंच म्हणाला, "तू मला चोर म्हणालास." तेव्हापासून बंद.

ती म्हणाली, "वाईट झालं." चाकूचं की चष्म्याचं, ते नाही सांगितलं.

मी तिच्यात पार गुंतलोय. सरळ लिहितो, कोण वाचतंय. दिवसभर किल्ल्या घासताना बोटांना खळीचा वास येतोय असं वाटतं. आज एका बाईच्या कपाटाची किल्ली केली, ती शेजारच्या बाईला दिली. दोघी येऊन भांडून गेल्या. दादा खो खो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा.


गुरुवार, २० फेब्रुवारी

थांब्यावर आज पेटलंच होतं. आमच्यातले पाच-सहा, त्यांच्यातले तितकेच, उंट मधोमध. कोणीतरी कोणाच्या सायकलीला लाथ मारली. मी दगड उचलला होता.

तेवढ्यात चर्चची जोडी आली. पाच ते सहा यांच्या जोड्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर उभ्या असतात. आजची जोडी म्हणजे घड्याळकाका आणि भोंगाबाई! चर्चच्या गायनात पुरुषांपेक्षा खालचा आवाज या बाईचा, शाळेत अर्ध्या वस्तीला पाढे शिकवलेले. सरळ दोन्ही टोळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली, छत्री टेकून. उंटाला म्हणाली, "काय रे, आईची कंबर कशी आहे?"

तो चपापला. "बरी आहे बाई."

"शेकायला सांगितलं होतं, शेकते का?"

"...शेकते."

"आणि तू!" माझ्याकडे वळून. "तो दगड खाली ठेव आणि ही पिशवी धर. पाच किलो कांदे आहेत. माझ्या घरापर्यंत."

सगळ्यांसमोर! आणि मी धरली!! कांद्यांची पिशवी घेऊन त्या बाईच्या मागून चालत गेलो आणि मागे दोन्ही आळ्या हसत होत्या. ही यांची शांती. कांदे वाहायला लावतात.

उंट हसला नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घालणारच! कुठल्या तोंडाने बघेल!


मंगळवार, २५ फेब्रुवारी

तिला सगळं सांगितलं.

दादाचा हात. पावणेपाच, सव्वापाच. कपाटात आहे ते दादाचं हत्यार, ते मी घेणार. दादाचं अर्धं राहिलेलं काम दादाच्याच हत्याराने पुरं करणार. दिवसही सांगितला. पाच मार्च, पुढचा बुधवार. बर्फाच्या कारखान्यातून उंट सव्वापाचच्या बसने उतरतो, दर बुधवारी एकटाच असतो. चार तारखेला बाकावर शेवटचा बसेन, गाठोडं घेऊन जाईन.

ती पुस्तकाच्या कण्याला खळ लावत होती. हात थांबला. खळ बोटावरच सुकून गेली, पांढरी. मग म्हणाली, "पट्टी सोड. फाटेल."

उठताना वाटी तिच्या हातून पडली. फुटली. तुकडे तिने खळीसकट ओंजळीत गोळा केले.

माझ्यासाठी घाबरली! मला काही होईल, मी तुरुंगात जाईन म्हणून घाबरली! घरी येताना मी अक्षरशः उड्या मारत आलो. माणसाला मारायचं ठरवलंय आणि उड्या मारतोय. आई म्हणाली, "आज स्वारी खुशीत?"


शनिवार, १ मार्च

तिच्यासाठी एक पितळी पट्टी केली. पुस्तकाचा कणा दाबायला, कडा गोल घासून, हाताला लागू नये अशी. दोन दिवस लागले. मंगळवारपर्यंत धीर धरवेना. तिचा कारखाना सुटायच्या वेळी थांब्यावर जाऊन उभा राहिलो, खिशात पट्टी.

ती आलीच. पण बसमध्ये चढली नाही, थांबली. सव्वापाचची बस आली. उंट उतरला. तिने त्याच्या हातातून डब्याची पिशवी घेतली. तो काहीतरी म्हणाला, तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोघं खालच्या आळीकडे चालायला लागली.

मागून दोन माना. उंच, सरळ, मागे तेच एक लहानसं हाड. एका साच्यातल्या दोन किल्ल्या! मी, किल्ल्या करणारा मी, महिनाभर एक हातात धरून बसलो आणि दुसरी ओळखली नाही!

जिला मान म्हणून पूजलं, तिलाच उंट म्हणून हिणवलं. थुंकावंसं वाटतंय स्वतःवर.

पट्टी गटारात टाकली.


रविवार, २ मार्च

आई म्हणाली, चल चर्चला. मी ताट भिरकावलं. दादाने डाव्या हाताने भात गोळा केला.


सोमवार, ३ मार्च

पाळकांना गाठलं. बागेत रोपांना पाणी घालत होते.

"तुम्ही मुद्दाम बसवलीत तिला."

"हो."

निदान 'नाही' तरी म्हणतील असं वाटलं होतं. तेच पुढे म्हणाले, "वरच्या आळीचा बाकावर आला की शेजारी खालच्या आळीचा. खालचा आला की वरचा. बाक त्यासाठीच आहे, बाळ. नुसतं बसायचं तर घरी खुर्च्या आहेत."

"ती त्याची बहीण आहे!"

"माहीत आहे. तू पहिल्यांदा येऊन गेलास त्याच दिवशी मी तिला म्हटलं, दुसरं कोणी बसेल. ती म्हणाली, मीच बसेन."

"वा! म्हणजे मी मूर्ख, ती हेर, आणि तुम्ही—" पुढचं लिहीत नाही. चर्चच्या आवारात बोलू नये ते सगळं बोललो. "माझ्या भावाचं हत्यार तुम्ही काढून घेतलंत आणि त्याला त्यांच्यासमोर सोडलात! तो हात तुमच्यामुळे गेला!"

झारीतलं पाणी एकाच कुंडीत सांडत राहिलं. मग म्हणाले, "त्या गुरुवारी थांब्यावर जोडी माझी आणि भोंगाबाईंची होती. आम्ही एका लग्नाला गेलो होतो. निघू, निघू म्हणता म्हणता जेवायला बसवलं. पोचलो तेव्हा रस्ता धुवत होते." झारी खाली ठेवली. "तेवढं माझ्यामुळेच. मी नाही म्हणत नाही."

दर शुक्रवारी दादाशी क्रिकेट बोलतो तो हा माणूस. दादाला हे माहीत आहे का? विचारलं.

"पहिल्याच शुक्रवारी सांगितलं. तो म्हणाला, पाळकसाहेब, जेवण कसं होतं?"

माझ्या भावाचं डोकं फिरलंय. हाताबरोबर सगळंच फाटलंय त्याचं. मग मीच उरलो.


मंगळवार, ४ मार्च

दुकानातून निघताना दादा कानशीवरून नजर न उचलता म्हणाला, "बसतोस ना पूर्ण तास?"

म्हणजे माहीत आहे. सगळे मंगळवार माहीत आहेत! म्हटलं, "आज शेवटचा."  कानस थांबली, ती मी रस्ता ओलांडेपर्यंत परत ऐकू आली नाही.

वाटलं होतं आज ती येणार नाही. होती. नवी वाटी, नवी खळ, पुस्तकं शेवटचीच पाच-सहा राहिलेली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"त्याला सांगितलंस ना? उद्या तो येणारच नाही. किंवा दहा जण घेऊन येईल."

"बाकावरचं बाकावर."

"खोटं!"

"हळू बोल. दार उघडं आहे." मग म्हणाली, "आठवडाभर त्याच्यासमोर बसून जेवतेय मी. तो भाकरी मागतो, मी वाढते, आणि डोक्यात पाच मार्च, पाच मार्च. सांगितलं असतं तर तो आधी तुझ्याकडे आला असता. मग पाळक कोणाचा खड्डा खणणार होते, तुझा की त्याचा, ते तूच सांग. आईलाही सांगितलं नाही. ती विचारते, जेवत का नाहीस."

मी बाकाच्या कडेचा सुटलेला रंग नखाने काढत होतो. 

"त्या दिवशी तुझी वाट बघत होता तो. तुझा दादा आला. दोन्ही हात पुढे करून चालत आला, तळवे दाखवत. याला वाटलं, काहीतरी काढतोय." तिने पुस्तकाचा कणा नखाने दाबला. माझी पट्टी असती तर बरं झालं असतं असं वाटलं आणि त्या वाटण्याचा संताप आला. "त्याच संध्याकाळी त्याने त्याचा सुरा इथे आणून दिला. पुढचाच बिल्ला. अठ्ठावीस. तो बिल्ला आमच्या घरी फळीवर बायबलखाली आहे. मागायला कधी आला नाही."

"मग मी काय करू? पाया पडू त्याच्या?"

"मी कुठे काय म्हणाले."

"तू बसत होतीस ती त्याच्यासाठी! माझ्याशी हसलीस, अरे म्हणालीस, सगळं भावासाठी!"

ती म्हणाली, "आधी त्याच्यासाठी."

एवढंच. आधी! मग नंतर? विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. खळीत बोट बुडवलं आणि पुढचं पुस्तक घेतलं. मी पट्टी धरली नाही. तिने गुडघ्याने पुस्तक दाबून एकटीने चिकटवलं.

सहाचे टोले. काका उठले. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "पाहिजे."

नियम म्हणजे नियम. काकांनी कपाट उघडलं, सत्तावीस काढलं, बिल्ला परत घेतला, वहीत एक रेघ मारली.  "तुझा भाऊ हे देऊन गेला ना," म्हणाले, "तेव्हा शीळ घालत गेला रे. लढायला निघालेला माणूस शीळ घालतो का? मला कधी कळलं नाही ते."

म्हाताऱ्याला काय कळतंय. धैर्य होतं ते!

गाठोडं आता समोर आहे, जेवणाच्या टेबलावर. निळं फडकं, दुकानातलंच, तेलाच्या डागांचं. वर दादाची दुहेरी गाठ, कुलपांची पार्सलं बांधायचा तशी. दोन्ही हातांनी मारलेली त्याची ही बहुतेक शेवटची गाठ. सोडवत नाही माझ्याच्याने. उद्या. निघतानाच सोडेन.


बुधवार, ५ मार्च

पावणेपाच.

गाठ सोडली. हाडाची मूठ. चिरलेली. वर लाल टेप.

माझा आहे.

दादाकडे हत्यारबित्यार कधी नव्हतंच. माझ्या बॅगेतून त्याने माझा काढून नेला, मला कडी घातली आणि शीळ घालत रिकाम्या हाताने माझं भांडण मिटवायला गेला. आणि सात महिने हे पोटात ठेवून माझ्या शेजारी किल्ल्या बिघडवत बसला.

चष्म्या चोर नव्हता.

गाठ परत बांधली. माझ्या दोन हातांना ती दादासारखी येत नाही, सैल आहे, कपाटापर्यंत टिकली म्हणजे झालं. तिथून सरळ थांब्यावर. बस यायला वेळ आहे अजून. उंटाला काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही. माफीबिफी काही नाही! हात पुढे करायचे की खिशात ठेवायचे, तेही कळत नाहीये. त्याने मागच्या वेळी हात पुढे बघूनच घाव घातला होता.

आई आत आहे. "कुठे निघालास?" म्हणतेय. कडी घालत नाही. दार नुसतं ओढून घेतो.